काठ नेमका कुठे असतो? : पाण्याकाठच्या जागेविषयी वाचकांचे प्रश्न

निवृत्तीनंतर पाण्याजवळ राहावे, सकाळी दार उघडले की समोर पाणी दिसावे, अशी इच्छा कळविणारी पत्रे या सदराकडे वाढत्या संख्येने येत आहेत. कोणाला समुद्र हवा आहे, कोणाला धरणाचा काठ, तर कोणाला आपल्याच गावच्या तलावाची पाळ. या अंकात त्यांपैकी चार पत्रांना उत्तरे दिली आहेत. मी महसूल खात्यात पटवारी म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बहुतेक वर्षे भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर या तलावांच्या जिल्ह्यांत गेली. शेतजमिनीला धुरा, म्हणजे बांध, असतो. पाण्याला तो नसतो. वैशाखात पाणी जिथे थांबलेले दिसते तिथे ते भाद्रपदात नसते, आणि या दोन ठिकाणांमधला पट्टा कोणाचा, हे कागदावर पाहिल्याशिवाय पाण्याकाठच्या कोणत्याही जागेचा इसार देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. पुढील चारही उत्तरे त्याच दृष्टीने वाचावीत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून यंदा वयाच्या ५८ व्या वर्षी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. वडिलोपार्जित तीन एकर धानाची जमीन माझ्या नावे आहे. शाळेच्या सहलीत पाहिलेला समुद्र मनातून गेला नाही, म्हणून मुलाच्या ओळखीने मालवण तालुक्यातील एक जागा पाहून आलो. ती आठ गुंठ्यांची असून तीत नारळाची झाडे आहेत आणि भरतीचे पाणी कुंपणापासून पन्नास पावलांवर येते. सातबाऱ्यावर अकरा नावे आहेत, विकणारे त्यांपैकी दोघे आहेत. नोटरी करून ताबा घ्या, बाकीच्या सह्या सावकाश होतील, असे मध्यस्थ म्हणतो. निवृत्तीची बहुतेक रक्कम या जागेत घालण्याचा विचार आहे. तो योग्य आहे काय? (निवृत्त मुख्याध्यापक, ता. अर्जुनी मोरगाव)

उत्तर : गुरुजी, हा व्यवहार करू नये. आपली इच्छा चुकीची नाही, परंतु दाखविलेली जागा ती इच्छा पूर्ण करू शकणार नाही.

आधी आपल्या बाजूची जमेची गोष्ट सांगतो. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही. विदर्भासाठी हा निर्बंध १९५८ च्या कूळवहिवाट कायद्याच्या कलम ८९ मध्ये आहे आणि कोकणासह पश्चिम महाराष्ट्रासाठी १९४८ च्या कायद्याच्या कलम ६३ मध्ये. आपल्या नावे तीन एकर धानशेती असल्यामुळे आपण शेतकरी आहात, आणि आपला सातबारा व शेतकरी असल्याचा दाखला दाखवून आपण सिंधुदुर्गातही शेतजमीन घेऊ शकता. नागपूर-पुण्याच्या अनेक नोकरदारांना जी अडचण पहिल्याच पायरीवर येते, ती आपल्याला नाही.

पुढची अडचण मात्र मोठी आहे. समुद्राच्या भरतीची जी सर्वांत वरची रेषा शासनाने ठरविली आहे, तिच्यापासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सागरी किनारा नियमन क्षेत्रात मोडतो. त्यासाठीची सध्याची अधिसूचना जानेवारी २०१९ ची आहे. ग्रामीण किनाऱ्याचे तिने दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक वस्ती असलेल्या गावांत भरतीरेषेपासून ५० मीटरपर्यंत, आणि त्याहून विरळ वस्तीच्या गावांत २०० मीटरपर्यंत, नवे बांधकाम करता येत नाही. आपण शांत गाव शोधत आहात, म्हणजेच विरळ वस्तीचे गाव, आणि तिथे २०० मीटरची अट लागू होण्याचीच शक्यता अधिक. कुंपणापासून पन्नास पावले म्हणजे चाळीस मीटरसुद्धा नव्हे. त्या जागेत आपल्याला नारळ काढता येतील, पण घर बांधता येणार नाही. मध्यस्थाने बाजूची जी घरे दाखविली असतील ती जुन्या रहिवाशांची असतात. पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मच्छीमार कुटुंबांसाठी अधिसूचनेत वेगळी तरतूद आहे, आणि ती असायलाच हवी, कारण त्यांची उपजीविका तिथेच आहे. बाहेरून आलेल्या खरेदीदाराला ती सवलत लागू होत नाही.

आठ गुंठ्यांचा मुद्दा वेगळा आहे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये शासनाने बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, बागायतीला १० गुंठे व जिरायतीला २० गुंठे असे ठरविले. मोठ्या गटातून आठ गुंठे तोडून शेती म्हणून विकले, तर त्याची नोंद होण्यात अडचण येते, आणि मध्यस्थ खरेदीखताऐवजी नोटरीचा मार्ग सुचवितो त्याचे कारण बहुधा हेच आहे. नोटरीच्या कागदाने मालकी बदलत नाही. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेल्या खरेदीखतानेच होते. ही गोष्ट आपण मुलांना नागरिकशास्त्रात शिकविली असेल, पण समुद्र समोर दिसत असला की ती विसरायला होते, हे मी अनेक सुशिक्षित माणसांच्या बाबतीत पाहिले आहे.

अकरा नावांचे म्हणाल, तर कोकणात हे नेहमीचेच आहे. घराण्यातील निम्मी माणसे मुंबईत, काही परदेशी, काहींच्या वारसांची नोंदच झालेली नाही, आणि गावात राहणारे दोन भाऊ सर्वांच्या वतीने सौदा करतात. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो अधिक स्पष्ट केला, त्यामुळे लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या सह्यासुद्धा लागतात. सर्व अकरा जण, आणि त्यांच्यातील जे वारले असतील त्यांचे सर्व वारस, खरेदीखतावर आले तरच आपल्याला निर्वेध हक्क मिळेल. सह्या ‘सावकाश होतील’ या आश्वासनावर आयुष्याची शिल्लक घालू नये. सिंधुदुर्गातील सातबाऱ्यावर आणखी काही शेरे असतात, जे आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, पाहायला मिळत नाहीत. आकारीपड, खाजगी वन, देवस्थान इनाम, आंबोली-चौकुळ-गेळे या गावांकडची कबुलायतदार गावकर पद्धत, यांपैकी कोणताही शेरा दिसला तर स्थानिक वकिलाकडून तो समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुय्यम निबंधक कार्यालयातून मागील ३० वर्षांच्या नोंदींचा शोध काढून घेणे हा खर्च नसून विमा आहे.

तरीही समुद्राजवळ राहायचेच असेल, तर माझा सल्ला असा की मोकळी जागा घेण्याऐवजी जुने, घरक्रमांक असलेले, अधिकृत घर पाहावे, आणि तेही किनाऱ्यापासून एक-दीड किलोमीटर आत. सकाळी चालत जाऊन समुद्र पाहता येतो, घराला खारा वारा कमी लागतो, विहिरीला गोडे पाणी मिळण्याची शक्यता वाढते, आणि किंमतही उतरते. खाडीकाठीही जागा असतात. भरतीचे पाणी जिथवर चढते त्या खाडीच्या काठी नव्या अधिसूचनेनुसार ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढेच क्षेत्र नियमनात येते. पण कांदळवन लागून असेल तर ती जागा सोडून द्यावी. देवबागसारखी गावे दिसायला फार सुंदर आहेत, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र; पण तिथला किनारा वर्षानुवर्षे झिजत आहे, आणि खरेदीखतात लिहिलेले क्षेत्र समुद्र मानत नाही.

यांपैकी काहीही विकत घेण्याआधी एक वर्ष भाड्याने राहून पाहावे. आपण पती-पत्नी दोघेही धानाच्या मुलखात वाढलात, पावसाचे आपल्याला भय नाही, असे आपण पत्रात म्हणता. परंतु सिंधुदुर्गात आपल्या पूर्व विदर्भाच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर समुद्राकडे जाताही येत नाही, कपडे वाळत नाहीत, आणि वीज दिवसेंदिवस जाते. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने रायगड आणि दापोलीकडच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले. हा सगळा आषाढ-श्रावण आपल्या सौभाग्यवतींना मानवतो की नाही, हे डिसेंबरात चार दिवस राहून कळत नाही. आपले गाव, आपली भाषा जाणणारी माणसे आणि आपली तीन एकर शेती तिथून हजार किलोमीटरहून दूर असतील, आणि रोवणीच्या दिवसांत वावराकडे कोण पाहील, याचाही विचार त्या वर्षभरात होईल.

पैशांबाबत एक तातडीची सूचना. ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्यांना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत रक्कम ठेवता येते, पण निवृत्तीचे लाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. या योजनेची कमाल मर्यादा एप्रिल २०२३ पासून ३० लाख रुपये आहे आणि व्याज दर तिमाहीला मिळते. उपदान (ग्रॅच्युइटी) आणि अंशराशीकरणाची, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग सोडून एकदम घेतलेली, रक्कम आधी तिथे ठेवावी. त्या मुदतीत जागा ठरली नाही म्हणून घाईने ठरवू नये. अंशराशीकरण केले असेल तर कापलेला निवृत्तिवेतनाचा भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो, म्हणजे आपण ७३ वर्षांचे झाल्यावर. तोवर दर तिमाहीचे हे व्याज आपल्याला लागणार आहे.

प्रश्न : आमचे गाव गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रात गेले. पुनर्वसनाच्या वसाहतीत घर आहे आणि जुन्या गावाकडे दोन एकर जमीन उरली आहे. पाणी आता त्या वावराच्या धुऱ्यापर्यंत येते. आंभोऱ्याचा पूल झाल्यापासून नागपूरची माणसे गाड्या घेऊन येतात आणि पाण्याकाठी बंगला बांधायचा म्हणून जमीन मागतात. एकाने एकरी इतका भाव सांगितला की रात्री झोप लागली नाही. पती वारले आहेत, दोन मुली नांदत्या घरी आहेत, मुलगा नागपुरात कामाला आहे. विकावे की ठेवावे? (एक शेतकरी भगिनी, ता. कुही)

उत्तर : ताई, आपले पत्र मी दोनदा वाचले. ज्या पाण्याने आपले गाव बुडविले, त्याच पाण्यामुळे उरलेल्या दोन एकरांना आज भाव आला आहे. या भावावर आपला हक्क आहे, आणि तो पुरेपूर आपल्या हाती पडावा याच हेतूने पुढील उत्तर देत आहे.

पहिले काम मोजणीचे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी एप्रिल १९८८ मध्ये झाली आणि त्याची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून २४५.५ मीटर आहे. आज पाणी जिथे दिसते तो काठ नव्हे. पूर्ण संचय झाला की पाणी कुठे येईल आणि भूसंपादनाची रेषा कुठून गेली आहे, तो खरा काठ. भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गटाची मोजणी करून घ्यावी आणि संपादनाच्या निवाड्याची प्रत त्याच्याशी ताडून पाहावी. दोन एकरांपैकी एखादा तुकडा निवाड्यात गेलेला असूनही सातबाऱ्यावर आपलेच नाव चालू राहिले आहे, अशी उदाहरणे मी पाहिली आहेत. असा तुकडा विकला गेला, तर पैसे घेतल्याबद्दल दावा आपल्यावर येतो, पाटबंधारे खात्यावर नाही.

पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन शासनाची असते. पाटबंधारे खाते ती गाळपेरासाठी, म्हणजे उघड्या गाळात पीक घेण्यासाठी, हंगामापुरती देते, आणि त्यात प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असते. आपल्याला गाळपेर मिळत असेल तर ती सोडू नये. पण ती जमीन ‘पाण्यापर्यंतची आमचीच आहे’ असे सांगून कोणी विकत असेल किंवा खरेदीदार ‘पाण्यापर्यंतचा ताबा’ लिहून मागत असेल, तर तशा कागदावर अंगठा किंवा सही करू नये.

दुसरे, आपला सातबारा वाचून घ्यावा. भोगवटादार वर्ग १ असेल तर विक्रीला सहसा अडचण नाही. वर्ग २, म्हणजे शासनाच्या अटींवर धारण केलेली जमीन, असेल, किंवा पुनर्वसनात मिळालेली जमीन असेल, तर परवानगीशिवाय विकता येत नाही. ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा अजून उतरला नसेल तर तो आधी कमी करून घ्यावा लागेल. आपले कुटुंब अनुसूचित जमातीचे असल्यास बिगरआदिवासीला विक्री करण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार शासनाची पूर्वमान्यता लागते, आणि ती न घेता झालेली विक्री टिकत नाही. मुलींची नावे वारस म्हणून चढली आहेत काय, तेही पाहावे. चढली नसतील तर चढवून घ्यावीत. त्या हक्क सोडणार असतील तर ते त्यांनी समजून, स्वतःच्या इच्छेने सोडावे. भावाच्या दडपणाने सोडलेल्या हक्काचे दुःख घरात पुढची अनेक वर्षे राहते.

तिसरे, ज्याला जमीन विकायची तो शेतकरी आहे काय, हे विचारावे. बंगला बांधायला येणारे अनेक जण शेतकरी नसतात आणि मग मुखत्यारपत्र किंवा साठेखतावर वर्षानुवर्षे व्यवहार लोंबकळत ठेवतात. पूर्ण रक्कम बँकेत जमा झाल्याशिवाय ताबा देऊ नये. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, त्यामुळे इसारसुद्धा धनादेशाने किंवा खात्यावरच घ्यावा. शेतजमीन नगरपालिकेच्या हद्दीपासून पुरेशी दूर असेल तर तिच्या विक्रीच्या नफ्यावर प्राप्तिकर लागत नाही. हे अंतर शहराच्या लोकसंख्येनुसार दोन, सहा किंवा आठ किलोमीटर आहे. कर वाचविण्यासाठी अर्धी रक्कम रोख घ्या, असे आपल्याला कोणी सांगत असेल तर ते त्याच्या सोयीसाठी आहे, आपल्या नव्हे.

विकावे की ठेवावे, हा आपला खरा प्रश्न. मी आपल्या जागी असतो तर दोन्ही एकर एकदम विकले नसते. पाण्याकडचा भाग विकला आणि मागचा ठेवला, तर मागच्या भागाची वाट पुढच्या मालकाच्या हाती जाते, म्हणून वाटणी करताना रस्ता दोन्ही तुकड्यांना लागेल अशी उभी करावी आणि दोन्ही तुकडे तुकडेबंदीच्या मर्यादेपेक्षा मोठे राहतील हे पाहावे. एक एकर विकून आलेल्या पैशातून घराची दुरुस्ती, आजारपणाची तरतूद आणि मुलींचा वाटा होईल, आणि एक एकर आपल्या नावे राहिल्याने आपण शेतकरी राहाल. सगळी जमीन गेली की शेतकरी असल्याचा दाखलाही गेला, आणि पुढे आपल्या मुलाला शेती घ्यावीशी वाटली तर त्याला ती घेता येणार नाही. प्रकल्पात एकदा जमीन गेलेल्या कुटुंबाने ही गोष्ट विशेष जपावी असे मला मनापासून वाटते.

या पत्राच्या निमित्ताने, या काठी जागा शोधणाऱ्या नागपूरकर वाचकांनाही दोन शब्द. हे पाणी बारा महिने समोर राहील असे समजू नये. उन्हाळ्यात ते खूप मागे सरते आणि समोर गाळाचे मैदान उरते. शिवाय नागपूरचे सांडपाणी घेऊन जाणारी नाग नदी कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला मिळते, त्यामुळे जलपर्णी, डास आणि पाण्याचा वास यांची चौकशी मे महिन्यात प्रत्यक्ष जाऊन करावी.

प्रश्न : मी एस. टी. महामंडळातून चालक म्हणून निवृत्त झालो आहे. गावच्या मामा तलावाच्या पाळीला लागून १५ गुंठ्यांची जागा एका गृहस्थाने देऊ केली आहे. सातबारा नाही, पण ग्रामपंचायतीचा नमुना ८ त्याच्या नावे आहे आणि तो घरपट्टी भरतो. किंमत अगदी कमी आहे. घेऊ का? (निवृत्त चालक, ता. सिंदेवाही)

उत्तर : घेऊ नये. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. अतिक्रमणाच्या घरावरसुद्धा ग्रामपंचायत कर आकारते.

मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे आपल्या पूर्वजांचे, त्यातही कोहळी समाजाचे, फार मोठे काम आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ मध्ये हे तलाव शासनाकडे आले. तलावाची पाळ, सांडवा, पोटातील जमीन आणि पाणी वाहून नेणारे पाट यांवर कोणा एकाची मालकी असू शकत नाही. गुरांना पाणी पाजणे, मासेमारी, शिंगाडा, माती यांचे गावकऱ्यांचे हक्क निस्तारपत्रकात लिहिलेले असतात. ते पत्रक तलाठी कार्यालयात मागून पाहावे, त्यात ही जागा कोणत्या वापरासाठी नोंदली आहे ते कळेल. ढिवर बांधवांची मच्छीमार संस्था तलाव ठेक्याने घेत असेल तर काठावर जाळी वाळविण्याची आणि डोंगे लावण्याची जागाही त्यांचीच असते. तिथे आपले कुंपण पडले तर रोज तंटा होईल.

पूर्व विदर्भातील अशा पडीक वाटणाऱ्या जागांपैकी पुष्कळ जागा महसुली दफ्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेल्या आहेत. त्यांचे क्षेत्र ८६ हजार हेक्टरांच्या वर आहे, आणि २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल ही वनजमीनच मानावी असा निर्णय दिला. आपल्याला दाखविलेली जागा या नोंदीत असेल तर तीवर घर बांधणे हा वनकायद्याचा भंग ठरेल.

आपल्या तालुक्यात वाघाचा वावर आहे हे आपल्याला सांगायला नको. तलावावर तो पाण्याला येतो. गावठाणापासून दूर, पाळीच्या टोकाला एकटे घर या वयात बांधू नये. गावठाणातच किंवा गावठाणाच्या सीमेपासून २०० मीटरच्या आतील जमिनीत घर पाहिले, तर अकृषिक वापराची वेगळी परवानगी घेण्याचा त्रासही बहुधा वाचतो, आणि संध्याकाळी पाळीवर फिरायला जाता येतेच.

प्रश्न : माझे वय ६४ आहे, मी एकटी आहे, अंगणवाडी सेविका म्हणून काम केले. वैनगंगेच्या काठी, पवनीला घाटाजवळच्या वस्तीत एक जुने कौलारू घर विकाऊ आहे. माझे माहेर तिथलेच. माझ्या शिलकीत ते बसते. या वयात नदीकाठी एकटीने घर घेणे शहाणपणाचे आहे का? (एक भगिनी, जि. भंडारा)

उत्तर : ताई, चारही पत्रांत मला आपलाच बेत सर्वांत जास्त आवडला. माहेरचे गाव आहे, ओळखीची माणसे आहेत, घाटावर रोजची वर्दळ आहे, आणि नगरपरिषदेचे गाव असल्यामुळे नळ, दिवाबत्ती, दवाखाना, बाजार पायी जाण्याच्या अंतरावर आहे. एकट्या बाईने घर घेताना पाण्यापासून ते किती जवळ आहे, यापेक्षा रात्री हाक मारली तर ऐकणारे कोणी आहे काय, हे मी आधी पाहीन.

धोका एकच, पण तो खरा आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून सोडलेले पाणी आणि पाऊस यांमुळे वैनगंगेला आलेला महापूर आपण पाहिला असेल. गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी-गडचिरोलीपर्यंत नदीकाठची गावे पाण्यात गेली. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते. घर या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे हे नगरपरिषदेच्या नगररचना शाखेत नकाशावर दाखवून मागावे. निळ्या रेषेच्या आत असेल तर घर पडल्यावर पुन्हा उभारण्याची परवानगी मिळणे अवघड होईल, आणि मग किंमत कितीही कमी असली तरी ते घेऊ नये.

नकाशा पाहण्याआधी एक काम आपण स्वतः करू शकता. शेजारच्या दोन घरी जाऊन २०२० साली पाणी भिंतीवर कुठवर चढले होते, ते दाखवायला सांगावे. ती खूण बहुतेक घरांत सांगता येते. मग विकाऊ घराचा ओटा त्या खुणेच्या वर आहे की खाली, ते गवंड्याच्या पाण्याच्या नळीने मोजून घ्यावे. मातीच्या भिंतीत पुराचे पाणी दोन दिवस उभे राहिले असेल तर ती वरून बरी दिसली तरी खालून भुसभुशीत झालेली असते, म्हणून पायाजवळचा गिलावा एका ठिकाणी काढून पाहू द्या, असे मालकाला सांगावे. त्याला हरकत असेल तर घर सोडावे.

कागदांमध्ये नगर भूमापन झालेल्या भागासाठी सातबारा नसतो. तिथे मालमत्ता पत्रक, म्हणजेच आखीव पत्रिका असते. तिच्यावर विकणाऱ्याचेच नाव आहे काय, आणि जागा शासनाकडून भाडेपट्ट्याने मिळालेली तर नाही ना, हे पाहावे. खरेदीखत स्वतःच्या नावे करावे. महिला खरेदीदाराला निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ती मागून घ्यावी. आखीव पत्रिकेची आणि घराच्या कर पावतीची झेरॉक्स या सदराच्या पत्त्यावर पाठविली, तर पुढच्या अंकाची वाट न पाहता मी आपल्याला टपालाने उत्तर देईन.